पहिली पाच मिनिटे गावाची
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मी तहसील कचेरीतला साधा कारकून. आज मंदिराचे काम पुरे झाले, कळस चढला. या आनंदाच्या दिवशी समितीने बोलायला सांगितले, म्हणून एक मागणे मागतो.

आपत्तीचे कागद माझ्या टेबलावरून जातात. पूर, वीज पडणे, बुडून मृत्यू. एका कागदावर दोन नावे होती. बुडणारा पुतण्या आणि त्याच्यामागे उडी घेतलेला चुलता. चुलत्याला पोहता येत होते. पण बुडणारा मिठी मारतो. काठावर दोर होता, तो कोणाला सुचला नाही.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. तरुणपणी घाटावर एका मुलाला बाहेर काढले. आम्ही त्याला घागरीवर पालथे घातले, पोट दाबून पाणी काढू लागलो. त्यात मीही होतो. मुलगा गेला. पुढे प्रशिक्षणात कळले की त्यात फक्त वेळ जातो. श्वास थांबला की चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. अशा वेळी तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. ३० दाब, मग २ श्वास. हे ऐकून येत नाही, बाहुलीवर हात बसवावा लागतो.

१५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला आपल्या याच इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. मदतीला आधी धावली ती जवळची माणसे. १०८ ची गाडी येते, सरकारी पथकही येते. पण पहिली पाच मिनिटे गावाचीच असतात.

सरकारनेही हे ओळखले आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली. गावकऱ्यांनाच १२ दिवसांचे शिक्षण. पुढे ती ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवकांसाठी वाढविली.

कार्तिकी वारीला आळंदीत लाखो माणूस येतो, घाटावर उतरतो. म्हणून माझे मागणे असे. शिल्लक वर्गणीतून शंभर फूट दोर, चार हवा भरलेल्या ट्यूब, एक स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी घ्यावी. दहा तरुण आणि पाच भगिनींनी नावे द्यावीत. शिक्षणासाठीचा अर्ज मी लिहून देतो. त्यांचा नियम एकच : आधी काठी पुढे करा, नाही पोहोचली तर दोर फेका, पाण्यात उडी सर्वांत शेवटी. सामान मंदिराच्या खोलीत राहील. मात्र किल्ली एकाच माणसाच्या कनवटीला नको.

देणगीदारांची नावे फरशीवर कोरली आहेत, ती योग्यच. या पंधरा जणांची नावे कोठे कोरू नका. दाराशी खडूने लिहा, म्हणजे दर वर्षी नवी भरता येतील.