भरपाईतला वाटा कुणाचा?

नेवासा फाट्याजवळच्या अपघातात नवरा गेलेली एक बाई माझ्याकडे आली होती. भरपाई मंजूर झाली, पण वकिलांनी तिचा पाचवा हिस्सा मागितला. कोऱ्या कागदावर अंगठा तर आधीच दिलेला!

अमेरिकेत अनेकांच्या वतीने एकच दावा लढवून तडजोड झाली, की वकिलाची फी न्यायाधीश तपासतात. कधी रकमेचा टक्का धरतात, कधी कामाचे तास गुणिले दर. आपल्याकडे टक्केवारीच बसत नाही. निकालावर फी ठरवणे, मिळालेल्या रकमेत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मना आहे. अपघात भरपाईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली टक्क्याची फी बेकायदेशीर ठरवली.

वकिलाच्या मेहनतीचे पैसे द्यायलाच हवेत. पण आकडा आधी ठरवून, पावती घेऊन. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो.

त्या बाईने तक्रार केली नाही. म्हणाली, "ताई, उद्या जमिनीचा दावा निघाला तर त्यांच्याच दारात जायचंय." मी तिला बोल लावत नाही. तुम्ही मात्र अंगठा देण्याआधी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा. अर्ज लिहायला आम्ही आहोत.