सूचनापेटीची किल्ली



1917च्या अखेरीस तेव्हाच्या कलकत्त्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. त्या निमित्ताने शहरात आलेल्या पुढाऱ्यांसाठी जोडासाँको येथील ठाकूरवाड्यात रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ नाटकाचा प्रयोग झाला. प्रेक्षकांत गांधीजी होते, तसेच लोकमान्य टिळकही होते. स्वराज्याच्या चर्चेसाठी जमलेल्या त्या मंडळींसमोर एक आजारी मुलगा खिडकीशी बसला होता. अमल हे त्याचे नाव. आईबाप गेलेले, दूरच्या नात्यातील माधव दत्त याने त्याला सांभाळायला घेतलेले. वैद्यबुवांनी शरदातले ऊन आणि वारा वर्ज्य केला म्हणून घराबाहेर पाऊल टाकण्याची मनाई. माधव दत्त प्रेमळ आहे, वैद्य शास्त्र सांगतो, गावचा मुखिया टिंगल करतो. अमलविषयी सर्वांचे मत ठरलेले आहे. त्याला स्वतःला काय हवे, हे मात्र दहीवाला, पहारेकरी आणि फुलवाली सुधा अशा रस्त्यावरून जाणाऱ्यांनाच कळते. शेवटी राजवैद्य येतो. तो मुलाला विचारतो, कसे वाटते बाळ? आणि दारे-खिडक्या उघडायला सांगतो.

पालकांच्या छत्राविना वाढणाऱ्या मुलांचा प्रश्न या नाटकात जितका नेमका सापडतो, तितका तो अहवालांत क्वचितच सापडतो. अशा मुलाचे जेवण, शाळा, औषध, भावंडासोबत राहणे की वेगळे होणे, हे सर्व कोणीतरी ठरवीत असते. ठरविणारे बहुधा वाईट नसतात. घरातले मूल जेवणाच्या पानावर कुरकुर करते, हट्ट धरते, रुसते. म्हणजे त्याला घराच्या कारभारात रोज थोडा आवाज असतोच. संस्थेतल्या मुलाची कुरकुर शिस्तभंगात मोडते.

या नाटकाचा पुढचा प्रवास कोलकात्यापासून फार दूरचा आहे. पोलंडमधील वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी 1912पासून ज्यू अनाथ मुलांसाठी एक गृह चालविले. तेथे मुलांची संसद होती, मुलांचे न्यायालयही होते. ज्यांच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात, आणि मोठ्यांनाही त्यांच्यापुढे उभे राहावे लागे. सहा महिन्यांत आपण पाच वेळा या न्यायालयासमोर गेलो, असे कोर्चाक यांनीच नोंदविले आहे. एकदा एका मुलाच्या कानशिलात दिल्याबद्दल, तर एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतल्याबद्दल. संस्थाचालकाच्या पदाला त्यामुळे उणेपणा आला असे कोणी म्हटलेले नाही. नाझींच्या कोंडवाड्यात हे गृह हलविले गेल्यावर 18 जुलै 1942 रोजी तेथील मुलांनी ‘डाकघर’चा प्रयोग केला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. सुटकेची संधी पुढे आली असतानाही कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले.

त्याच पोलंडने 1978मध्ये बालहक्कांच्या जागतिक कराराचा प्रस्ताव मांडला. 1989मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो करार संमत केला आणि भारताने 1992मध्ये स्वीकारला. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा अधिकार त्याच्या बाराव्या कलमात आहे. आपल्याकडील 2015चा बाल न्याय अधिनियम हेच तत्त्व सांगतो. 2016च्या आदर्श नियमांनी तर ते अगदी घरगुती तपशिलापर्यंत आणले. प्रत्येक संस्थेत 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 ते 18 या वयोगटांच्या, केवळ मुलांच्याच समित्या असाव्यात. त्यांनी दिनक्रम आणि आहार ठरविण्यात भाग घ्यावा, छळाची तक्रार करावी. त्यांची बैठक दरमहा व्हावी, नोंदवही व्यवस्थापन समितीपुढे यावी आणि त्यांचे प्रतिनिधी त्या समितीतही बसावेत. सूचनापेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ असावी. तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा बालसंरक्षण अधिकाऱ्याकडे असावी, आणि पेटी दर आठवड्याला बालसमितीच्या सदस्यांसमक्ष उघडली जावी.

‘सदस्यांसमक्ष’ हा शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. 2018मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने बिहारमधील निवारागृहांची सामाजिक तपासणी केली, तेव्हा मुझफ्फरपूरच्या मुलींवरील अत्याचार उजेडात आले. 2020मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरविले. त्यांत त्या जिल्ह्याचा बालसंरक्षण अधिकारी होता आणि बालकल्याण समितीचे पदाधिकारीही होते. ज्याच्या हाती कायद्याने किल्ली सोपविली तोच असा निघाला, तर पेटीचा उपयोग काय? म्हणून किल्ली एकाची असली तरी पेटी उघडताना पाहणारे डोळे मुलांचे असले पाहिजेत, आणि त्यापलीकडे, गेटबाहेरच्या माणसांशीही त्यांचा संबंध असला पाहिजे.

हा बाहेरचा संबंध कसा जुळतो, याची दोन उदाहरणे कोलकात्यातच आहेत. सियालदह स्थानकाजवळच्या लोरेटो शाळेत सिस्टर सिरिल मूनी यांनी 1985च्या सुमारास रस्त्यावरच्या मुलींसाठी शाळेची दारे उघडली. त्या मुली शाळेतच राहू लागल्या, आणि नियमित विद्यार्थिनी त्यांना एकेकीशी बसून शिकवू लागल्या. निवारा आणि शाळा यांमध्ये कुंपणच उरले नाही. आपल्या शाळांनी, विशेषतः साठ वर्षांची पुण्याई असलेल्या शाळांनी, याचा विचार करण्यासारखा आहे. बालगृहातून येणारी मुले पुष्कळ ठिकाणी पटावर असतात, पण स्नेहसंमेलनाच्या समितीत सहसा दिसत नाहीत.

दुसरे उदाहरण ‘प्रयासम’ या संस्थेचे. वकिली सोडून आलेल्या अमलान गांगुली यांनी ती उभी केली. पूर्व कोलकात्यातील ऋषी अरविंद कॉलनीच्या मुलांनी घरोघर फिरून आपल्या वस्तीचा नकाशा स्वतः काढला, पोलिओच्या डोसासाठी लोकांना घराबाहेर काढले आणि पिण्याच्या पाण्याची मागणी लोकप्रतिनिधींपर्यंत नेली. यावर एक माहितीपटही निघाला. ही मुले आपापल्या कुटुंबांत राहणारी आहेत, हे विसरता कामा नये. त्यांच्यामागे आईबाप आहेत, म्हणजेच मतदार आहेत. बालगृहातील मुलामागे मतदार नाही. कोलकाता महानगरपालिकेचे 144 प्रभाग आहेत; एखाद्या प्रभागात साठ मुलांचे गृह असेल, तर त्या साठ जणांच्या वतीने नळ, पथदिवा किंवा मैदान मागायला नगरसेवकाच्या दारी जाणारे कोणी नसते. अधीक्षक जातात, पण ते इमारतीचे प्रश्न घेऊन जातात.

बालसंरक्षण योजनेत गावपातळीवरच्या समितीत दोन बालप्रतिनिधींची तरतूद पूर्वीच झाली होती. प्रभागांच्या समित्यांत अशा जागा असतील तेथे एक जागा संस्थेतील मुलाला मिळावी, एवढीच मागणी येथे आहे. तिच्यावर आक्षेप येतो की मुलाला पुढे बसविले तर त्याची ओळख उघड होते. आक्षेप रास्त आहे, कायदाही ओळख जपण्यास सांगतो. त्यासाठी सभेत छायाचित्र न काढणे आणि मुलाला त्याची कहाणी सांगायला न लावणे, एवढे पथ्य पाळावे लागेल. पाण्याच्या नळाविषयी बोलायला आलेल्या मुलाला ‘तू अनाथ कसा झालास’ हे विचारण्याचे काही कारण नाही.

आणि वेळ फार थोडा असतो. अठरा वर्षे पूर्ण होताच संस्था सुटते. 21पर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, पण सर्वांपर्यंत ती पोहोचतेच असे नाही. महाराष्ट्रात अनाथाश्रमात वाढलेल्या एका तरुणीने स्पर्धा परीक्षेतील आपली अडचण थेट शासनापुढे मांडली, आणि 2018मध्ये अनाथांसाठी एक टक्का आरक्षणाचा निर्णय झाला. तिला बोलता आले. बोलण्याची सवय सोळाव्या वर्षी न लागलेल्यांना अठराव्या वर्षी खोलीचा भाडेकरार करतानाही घरमालकापुढे शब्द फुटत नाही.

नोंदवहीपासून आरंभ करता येईल. मुलांच्या समितीने गेल्या महिन्यात काय मागितले आणि त्याचे काय झाले, हे पुढच्या बैठकीत प्रथम वाचून दाखवावे; जे झाले नाही त्याचे कारणही तेथेच, मुलांच्या समोर, त्यांना समजेल अशा भाषेत लिहावे. बंगालीत लिहा, हिंदीत लिहा किंवा मराठीत. खाली अधीक्षकांच्या सहीशेजारी एका मुलाची सही घ्यावी.