चिकटू देऊ नये, पण ओळखावं!

दुधाचं पातेलं घासताना बुडाचा चिवट थर नखानंही निघत नाही. तो बराचसा प्रथिनांचा. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी, भिलवडीसारख्या दूधधंद्याच्या गावांना तो अनोळखी नाही. डेअरीत पाश्चरायझरच्या प्लेट्सवरही तोच बसतो, म्हणून त्या कॉस्टिक सोड्यानं धुवाव्या लागतात.

रक्त तपासणाऱ्या सेन्सरचीही हीच अडचण. एक लिटर रक्तद्रवात सुमारे 70 ग्रॅम प्रथिनं असतात. हृदयाला इजा झाल्याचं सांगणारं ट्रोपोनिन मात्र लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजायचं! भलतीच प्रथिनं आधी चिकटली, तर ते सापडणार कसं?

उपाय आहे पॉलिमरचा लेप. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या दाट उभ्या राहतात आणि पाणी धरून ठेवतात. त्या ओल्या गादीवर प्रथिनांना टेकायला जागाच मिळत नाही. काही साखळ्यांच्या टोकाला मात्र अँटिबॉडी जोडलेली असते. कुलपाला किल्ली बसावी, तसा हवा तोच रेणू ती पकडते.

आणि गंमत ऐका: प्रयोगशाळेत काही चाचण्यांमध्ये पृष्ठभागावरची रिकामी जागा झाकायला, म्हणजे तिथं भलतीच प्रथिनं चिकटू नयेत म्हणून, चक्क साय काढलेल्या दुधाची भुकटी वापरतात. पातेल्याला चिकटणारं दूधच तिथं राखणदार होतं!