नाक्यावरची गाडी, माणसाचं गुपित

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आणि समोर बसलेले समुपदेशक, लॅब टेक्निशियन, आऊटरीच वर्कर, पीअर एज्युकेटर आणि एचआयव्ही चाचणीच्या मोबाइल व्हॅनचे चालक, सर्वांना नमस्कार.

चालकांचं नाव अध्यक्षीय भाषणात सहसा येत नाही. आज ते मुद्दाम घेतलं. गाडी कोणत्या वस्तीत जाणार हे बैठकीत ठरतं. पण ती चहाच्या टपरीला खेटून उभी राहणार की जरा आडोशाला, तिचं दार रस्त्याकडे उघडणार की भिंतीकडे, हे चालकाच्या हातात असतं. मला आज जे सांगायचं आहे ते बरंचसं त्या दारापाशीच घडतं.

या अध्यक्षपदासाठी आपण माझी निवड केलीत, त्याबद्दल आपला ऋणी आहे. हा मान मी उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घालणाऱ्या तुम्हा सगळ्यांचा समजतो.

आपल्या कामाच्या प्रारंभाशी एका मराठी घरातल्या मुलीचं नाव जोडलेलं आहे. चेन्नईतल्या गायतोंडे कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी १९८६ मध्ये देशातली एचआयव्हीची पहिली प्रकरणं उजेडात आणली. पुढे कितीतरी वर्षं चाचणी व्हायची, पण सरकारी दवाखान्यात हातावर ठेवायला औषध नसायचं. १ एप्रिल २००४ रोजी एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधं, मोफत मिळू लागली, तेव्हा पहिल्या मोजक्या रुग्णालयांत आपलं मुंबईचं जे. जे. होतं. त्यानंतरही सीडी४ पेशींची संख्या ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. २०१७ मध्ये ही अट गेली. आता निदान झालं की उपचार सुरू होतात, बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती नियमित घेतली आणि विषाणूभार तपासणीत न दिसण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

‘चाचणी करून मला काय मिळणार?’ या प्रश्नाला आज आपल्याकडे खणखणीत उत्तर आहे. तरी माणसं केंद्रावर येत नाहीत, याचं पहिलं कारण अगदी साधं आहे. सकाळी मजूर नाक्यावर उभं राहण्याची जी वेळ, तीच रुग्णालयात केसपेपर काढण्याची. रांगेत उभं राहायचं तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावं लागतं. भिवंडीत लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्याचं किंवा कळंबोलीत माल भरण्याची वाट पाहत बसलेल्या ड्रायव्हरचं दुखणं वेगळं नाही. म्हणून आपण गाडी काढली. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि अर्ध्या तासाच्या आत प्राथमिक निकाल द्यायचा.

इथपर्यंत आपलं एकमत आहे. पुढची अडचण मात्र आपण पुरेशी बोलून दाखवत नाही. मोठ्या रुग्णालयात माणूस गर्दीत हरवतो. तो त्वचेच्या ओपीडीला आला की आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राला, हे कुणी पाहत नाही. वस्तीत मात्र जो तो एकमेकांना ओळखतो. चाचणी घराजवळ नेताना आपण माणसाचा वेळ वाचवतो आणि त्याच फेरीत त्याच्या गुपिताभोवतीची गर्दी काढून घेतो. सोय आणि गुप्तता या दोघींचं या गाडीत पटत नाही. त्यांचं पटवून देणं हेच आपल्या कामाचं मर्म आहे.

एक उदाहरण देतो. नाक्यावर वीस माणसं गाडीत जाऊन येतात. एकोणीस जण निकाल ऐकून लगेच बाहेर पडतात. एकाला आपण जास्त वेळ बसवून घेतो, पाणी देतो, समजावतो. तो खाली उतरतो तेव्हा त्याचा निकाल समोरच्या टपरीलाही कळलेला असतो. आपण एक अक्षर बोललेलो नसतो. आपलं घड्याळ बोललेलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की निकाल काहीही असो, प्रत्येकाला गाडीत सारखाच वेळ मिळावा. निगेटिव्ह आलेल्याशी बोलण्यासारखं पुष्कळ असतं. नुकती लागण झाली असेल तर ती चाचणीत लगेच दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला हवं, हे त्यालाच सांगायचं असतं. आणि रिअॅक्टिव्ह आलेल्याला तिथेच ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं नसतं. केंद्रावर वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासून पक्कं निदान होईपर्यंत तो शब्द आपल्या तोंडून निघता कामा नये.

दुसरी गोष्ट संमतीची. बांधकामाच्या साइटवर शिबिर असलं की मुकादम उत्साहाने सगळ्यांना रांगेत उभं करतो. आपलंही टार्गेट पूर्ण होतं. पण ज्याच्या हातात रोजची हजेरी आहे त्याने उभं केलेल्या रांगेतली मान हलली म्हणजे संमती झाली का? एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजून उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही आणि नोकरीसाठी चाचणीची अट नाही, असं तो सांगतो. मुकादम यादी मागायला आला तर त्याला चहा पाजावा, यादी दाखवू नये.

बळजबरीने काय होतं याचे धडे आपल्याच इतिहासात आहेत. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोजिरांनी घरांची झडती घेतली, तेव्हा लोकांनी रोगी लपवले. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, केवळ एचआयव्ही आहे म्हणून, म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरुग्णालयात चौसष्ट दिवस डांबलं गेलं. लोकांच्या मनात सरकारी गाडीबद्दलची ही जुनी धास्ती आजही आहे. गाडीवर मोठ्या अक्षरांत ‘एचआयव्ही तपासणी’ लिहून ही धास्ती जात नाही. रक्तदाब, साखर, क्षयाची लक्षणं, सिफिलिस हे सगळं एकाच गाडीत तपासलं जावं. मग पायरी चढणाऱ्या माणसाला शेजाऱ्याला द्यायला उत्तर असतं.

शहरही बदलतं आहे. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या आटत चालल्या आहेत. तिथला देहविक्रयाचा व्यवहार लॉजवर, भाड्याच्या खोल्यांत आणि मोबाइलवर गेला आहे. आपल्या नकाशावरचे हॉटस्पॉट मात्र जुनेच आहेत. गाडी कुठे आणि किती वाजता हवी, हे पीअरला विचारून दर काही महिन्यांनी नव्याने ठरवायला हवं. पीअरला जे कळतं ते आपल्या तक्त्यात सापडत नाही.

आता हिशेबाचं. महिनाअखेरीस आपल्याला किती किट वापरल्या ते विचारतात. माझी शासनाला आणि संस्थाचालकांना विनंती आहे की पहिला प्रश्न वेगळा विचारा: गाडीत रिअॅक्टिव्ह आलेल्यांपैकी किती जण केंद्रावर पोहोचले, किती जणांची एआरटी सुरू झाली आणि सहा महिन्यांनी किती जण गोळ्या घेत आहेत? यात गावी परतलेला बिहारचा किंवा ओडिशाचा मजूरही धरा. त्याची नोंद तिथल्या एआरटी केंद्राकडे नीट पोहोचवणं हेसुद्धा आपल्याच गाडीचं काम आहे. असा हिशेब मागाल तर सोबत जायला माणूस द्यावा लागेल, त्याच्या प्रवासाचा खर्च द्यावा लागेल, आणि वर्षावर्षाच्या कंत्राटावर टांगलेल्या समुपदेशकाला स्थैर्य द्यावं लागेल. ज्याला स्वतःच्या नोकरीची खात्री नाही, त्याने दुसऱ्याला आयुष्यभराच्या औषधाचा भरवसा कोणत्या तोंडाने द्यायचा?

दुपारच्या सत्रात ठरावांवर चर्चा आहे. सर्वांना सारखा वेळ, मुकादमाविना संमती, एकत्रित तपासणी आणि उपचारापर्यंतचा हिशेब, हे चार मुद्दे ठरावात यावेत, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने मांडतो. त्यावर मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने मांडा, विशेषतः चालकांनी.

 नमस्कार.