न गाणारी शिक्षिका



गाण्याच्या कार्यक्रमापूर्वी चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. तेव्हा गाणाऱ्या पाखरांविषयीच बोलते.

पाखराला गळा जन्मतः मिळतो. गाणे शिकावे लागते. केंब्रिजच्या थॉर्प यांनी १९५०च्या दशकात चॅफिंच नावाच्या पाखराची पिले वडीलधाऱ्यांपासून दूर वाढविली. ती गायली, पण अगदी ओबडधोबड. पुढे १९६५ साली कोनिशी यांनी दाखवून दिले की, पांढऱ्या माथ्याच्या अमेरिकन चिमणीने लहानपणी गाणे ऐकलेले असले, तरी स्वतः गाऊ लागण्यापूर्वी ती बहिरी झाली, तर ते गाणे तिला साधत नाही. म्हणजे दुसऱ्याचे ऐकावयाचे, आणि मग स्वतःचेही!

मला सर्वांत गंमत वाटली ती काऊबर्ड या अमेरिकन पाखराची. आपल्या कोकिळेप्रमाणेच हीही अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालते. मादीला ते गाणे गाता येत नाही. पण नराची एखादी तान आवडली की ती पंख किंचित हलविते, आणि नर तीच तान पुन्हा घेतो. वेस्ट आणि किंग या दोघांनी हे १९८८ साली मांडले. न गाणारी शिक्षिका!

पुढे त्यांनीच गोल्डस्टीन यांच्याबरोबर साधारण आठ महिन्यांची बाळे घेतली. बाळाने आवाज काढताच आईने हसावे, जवळ यावे, स्पर्श करावा. थोड्याच मिनिटांत त्याची बडबड बोलण्याच्या वळणाची झाली. तेवढेच लाड अवेळी केले, तर तसे होईना. हे २००३ साली प्रसिद्ध झाले.

हे सारे मी वाचले ते नातीमुळे. दोन वर्षांची होईतो ती बोलेना. "हिचा बापही उशिराच बोलला," असे मीच सर्वांना सांगत राहिले. तान्हेपणी हुंकार देई, म्हणून आम्ही निश्चिंत! पण हुंकाराला कान लागत नाहीत, शब्दांना लागतात. तिला नीट ऐकूच येत नव्हते. ही तपासणी आता तान्ह्या बाळाचीही, ते झोपेत असताना, काही मिनिटांत होते. मला ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नाही.

आता तिच्या कानांना यंत्र आहे. परवा तिने मागून "आदी" अशी हाक मारली. मी तव्यावरची पोळी तशीच सोडून धावले. पोळी करपली. तिने लगेच दुसऱ्यांदा हाक मारली.