चित्राखालचे नाव
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणराय हा चौसष्ट कलांचा अधिपती. त्याच्या उत्सवानिमित्त चित्रकलेवर दोन शब्द बोलण्याची संधी दिलीत, त्याबद्दल मंडळाचा आभारी आहे.

आपल्यापैकी कुणी नोकरीनिमित्त भोपाळला आले, कुणाच्या दोन-तीन पिढ्या इथेच गेल्या. पाहुणे आले की आपण त्यांना सांची, भोजपूर, भीमबेटका दाखवतो. त्या यादीत आणखी एका जागेची भर घालावी, अशी माझी विनंती आहे. श्यामला हिल्सवर २०१३ साली जनजातीय संग्रहालय सुरू झाले. तिथल्या 'लिखंदरा' दालनात 'शलाका' या नावाने दर महिन्याला एका आदिवासी चित्रकाराचे प्रदर्शन भरते. चित्रे विकतही मिळतात. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत महिन्याला एक नवा चित्रकार आपल्याला घरबसल्या नव्हे, पण गावातल्या गावात नक्कीच भेटू शकतो.

भिल्ल समाजात पिठोरा चित्र काढणाऱ्याला लिखंदरा म्हणतात. तिथे चित्र 'काढत' नाहीत, 'लिहितात'!

पुष्कळांना वाटते, ही पारंपरिक लोककला; एकदा पाहिली की झाले. तसे नाही, मंडळी. झाबुआकडच्या पिटोल गावच्या भूरीबाई भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग देऊन चित्रे काढायला सांगितले. पिठोरा लिहिण्याचा मान पुरुषांचा. त्यामुळे भूरीबाईंनी आपली वाट स्वतः शोधली. झाडे, जनावरे, गावचे जीवन आणि पुढे बस, विमानसुद्धा त्यांच्या चित्रांत आले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पाटणगढचे जनगढसिंह श्याम यांचेही तसेच. घराच्या भिंतीवरची त्यांची चित्रे पाहून त्यांना भोपाळला आणले गेले. ठिपके आणि रेषा यांनी आकार भरण्याची त्यांची रीत आज 'जनगढ कलम' म्हणून ओळखली जाते. आपल्या विधान भवनातही त्यांची भित्तिचित्रे आहेत. ही कला जुनी खरी, पण ती आजची आहे, आणि प्रत्येक चित्रामागे एक नाव आहे.

आपण मराठी माणसे वारली चित्रे कुर्त्यावर, पडद्यावर, चहाच्या कपावर हौसेने मिरवतो. त्याखाली चित्रकाराचे नाव असते का? जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? नाव पुसले की चित्राची नुसती नक्षी होते, आणि नक्षीचे पैसे छापणाऱ्याला मिळतात, काढणाऱ्याला नाही.

म्हणून तीन सूचना करतो. दर महिन्याचे प्रदर्शन मंडळाच्या सूचनाफलकावर लिहावे आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जावे. सोमवारी संग्रहालय बंद असते. मुलांनी चित्रकाराचे नाव आणि गाव वहीत टिपून आणावे. दुसरे, स्पर्धांच्या बक्षिसांत ट्रॉफीऐवजी निदान एक मूळ चित्र द्यावे. आणि तिसरे, पुढच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ आपल्याच शहरातल्या एखाद्या गोंड किंवा भिल्ल चित्रकाराकडून करून घ्यावे. रीतसर मानधन देऊन आणि नाव ठळक छापून.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!