नायट्रोजनचं पासबुक

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सर्वसाधारण सभेत अशी सूचना आली की, इमारतीमागचा खतखड्डा बुजवून तिथे दुचाकींचं पार्किंग करावं. कारण काय, तर वास येतो. मी त्या वासाविषयीच बोलणार आहे. आजच्या दिवशी हा विषय कसला, असं कुणाला वाटेल. पण माइक पुन्हा कधी हातात येईल, सांगता येत नाही!

तो नाकाला झोंबणारा वास अमोनियाचा, म्हणजे मूळ नायट्रोजनचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकांना तो थेट घेता येत नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी त्यापासून अमोनिया करून दाखवला, १९१३ साली कारखाना निघाला, आणि आजचा युरिया त्याच वाटेने येतो. त्यामुळे जग पोटभर जेवतं, हे मान्यच केलं पाहिजे. पण शेतात टाकलेल्या युरियातला निम्म्याच्या आसपासच पिकाला लागतो. बाकीचा पाण्यात आणि हवेत जातो. पिकात गेलेला धान्य, भाजी, दूध होऊन शहरात आपल्या ताटात येतो.

आता हिशेब बँकवाल्याचा. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं धरली, तर माणशी साडेनऊ ग्रॅम. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याचं बचत खातं नसतं. जेवढा जमा, जवळपास तेवढाच मलमूत्रावाटे खर्च. सोसायटीत माणसं धरू ३५०. म्हणजे रोज ३ किलोच्या वर. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन भरतो जेमतेम २१ किलो. तेव्हा दर सहा दिवसांना एक गोणी, वर्षाला जवळजवळ साठ गोण्या आपण ड्रेनेजमध्ये सोडतो. २५ वर्षांचा गुणाकार मुलांनी करावा.

ह्या गोण्या जातात कुठे? मैलाशुद्धीकरण केंद्रात पाणी बरंच स्वच्छ होतं, पण नायट्रोजन काढायचा तर त्याची वेगळी सोय लागते. साध्या पद्धतीत तो पुरता निघत नाही. मग मुळा-मुठा, तिथून भीमा, तिथून उजनी. पुण्यात नदीवर हिरवीगार जलपर्णी दिसते ना, ती ह्याच खतावर पोसलेली. उजनीचं पाणीही हिरवं होतं, आणि तेच सोलापूरकर शुद्ध करून पितात. पुढे पंढरपूर. आपण वारकऱ्यांना इथे चहा-बिस्किटं देतो, आणि तीच मंडळी चंद्रभागेत स्नान करतात. दोष एकट्या पुण्याचा नाही, वाटेतल्या उसाचा युरियाही त्यात उतरतो.

खतखड्ड्याने साठ गोण्या थांबणार नाहीत, हे आधीच सांगतो. स्वयंपाकघरातला ओला कचरा म्हणजे ह्या पासबुकातली लहानशी नोंद. पण तेवढंच खातं आपल्या सहीने चालतं. आणि वासाला उपाय आहे. नुसता ओला कचरा टाकला की जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, म्हणजे खतही जातं आणि नाकही. प्रत्येक थरावर वाळलेला पाला दुप्पट-तिप्पट टाकायचा, आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. पाला आपण रोज झाडून पोत्यात भरतो आणि कचरागाडीला देऊन टाकतो!

म्हणून पार्किंगचा ठराव तीन महिने पुढे ढकलावा, अशी माझी विनंती आहे. झाडणाऱ्या मावशींशी मी बोललोय, पाला त्या वेगळा ठेवतील. खालीवर करायला मात्र दोन धडधाकट तरुण हवेत. माझे गुडघे आता फक्त देखरेखीपुरते!